चौकोन

२००९च्या दिवाळीत मामेभाऊ अमेरिकेहून आला, तेव्हा त्याच्या बॅगेत दिसायला सारखेच दोन फोन होते. दोन्ही एचटीसीचे, अँड्रॉइडवर चालणारे. एक टी-मोबाइलने विकलेला जी-वन. दोन वर्षांचा करार केला तर १७९ डॉलर, आणि सिम त्याच कंपनीचं. दुसरा गूगलने डिसेंबर २००८मध्ये अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी काढलेला ‘अँड्रॉइड डेव्ह फोन १’. आधी २५ डॉलर भरून डेव्हलपर म्हणून नाव नोंदवायचं, मग फोनचे ३९९ डॉलर. पण त्यात कुठलंही सिम चाले, आणि आतली प्रणाली काढून स्वतःची बसवता येई. पहिला फोन त्याने माझ्यासाठी आणला होता.

हैदराबादेत परदेशातून फोन आला की पहिली फेरी आबिड्सच्या जगदीश मार्केटला. दुकानातल्या पोराने कुठलासा कोड दाबला, पैसे घेतले आणि माझं सिम चालू झालं. फोन ‘खुला’ झाला म्हणून आम्ही इराणी चहा प्यायलो. संध्याकाळी नांदेडहून बाबांचा मेसेज आला. नुसते चौकोन.

बाबा नोकियाच्या बटणांच्या साध्या फोनवरून मराठीत लिहीत. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, आणि त्यातही काना-वेलांट्या वेगळ्या मोजायच्या. त्यामुळे त्यांची वाक्यं पूर्वीच्या तारेसारखी झाली होती. मी घाईत रोमनमध्ये उत्तर दिलं की ते दोन दिवस गप्प बसत. त्यांच्या त्या स्वस्त फोनला येणारी भाषा माझ्या अमेरिकन फोनला येत नव्हती.

“ताई, कुलपं दोन आहेत,” भाऊ म्हणाला. मार्केटमध्ये उघडलं ते सिमचं, म्हणजे फोन विकणाऱ्या मोबाइल कंपनीचं. त्याने नेटवर्क बदलता येतं, फोनच्या आतलं काही बदलता येत नाही. आत देवनागरीचा फाँटच नव्हता, आणि फाँट ज्या जागी ठेवायचा त्या जागेला दुसरं कुलूप. त्याच्या डेव्हलपर फोनला ते नव्हतंच. त्याने फाइल टाकली, फोन बंद करून चालू केला, आणि बाबांचे चौकोन अक्षरं झाले.

अक्षरं कसली, अक्षरांचे सुटे भाग. जोडाक्षरं जुळवणं त्या प्रणालीला माहीतच नव्हतं. ‘पत्र’मधला त पाय मोडून उभा, र बाजूला. ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या पुढे यायची ती मागे येऊन पुढच्या अक्षरावर पडे. पण वाचता येत होतं. जाताना भावाने फोनांची अदलाबदल केली. त्याला काही तोटा नव्हता म्हणे. फेब्रुवारीत गूगलने कॉपीपासून संरक्षित केलेली अ‍ॅप्स डेव्हलपर फोनांना देणं बंद केलं होतं. ज्याच्या हातात सगळ्या किल्ल्या, त्याला चोर धरून बाजारातून बाहेर ठेवायचं! मला त्या बाजारातलं काही नकोच होतं.

किल्ल्या कोण देतं, हे मला नंतर कळलं आणि मी चाटच पडले. अमेरिकेत सिमचं कुलूप काढणं १९९८च्या कॉपीराइट कायद्याच्या कक्षेत येतं, आणि त्यातून सवलत दर तीन वर्षांनी देतो लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ग्रंथपाल! माझ्या एम.ए.च्या काळातला ग्रंथपाल आम्हाला कपाटातला शब्दकोशसुद्धा उघडू देत नसे. २००६मध्ये फोनला सवलत मिळाली. २०१२मध्ये मात्र ठरलं की २६ जानेवारी २०१३पासून घेतलेल्या फोनला ती नाही. १ लाख १४ हजारांहून अधिक लोकांनी व्हाइट हाउसकडे अर्ज केला आणि १ ऑगस्ट २०१४ला वेगळा कायदा करून ती परत द्यावी लागली. भाषांतराआधी मी लेखकाला किंवा त्याच्या वारसांना परवानगीचं पत्र लिहिते, वर्ष वर्ष उत्तराची वाट बघते, आणि ते मला मान्य आहे, कारण कथा त्यांची आहे. पैसे मोजून घेतलेल्या फोनला तोच न्याय लावणं मला पटत नाही. आणि नव्या कायद्यानेही सोडवलं ते पहिलंच कुलूप.

तो फोन मी २०१२पर्यंत वापरला. तोवर नव्या फोनांना देवनागरी येऊ लागली होती. एका रात्री तेलुगू कवितांच्या भाषांतराची प्रुफं तपासत होते. बाराला बाबांचा मेसेज आला. ‘झोप आता. कवि येते.’ कोण कवी येते? मग लक्षात आलं, त्यांनी ‘कीव’ लिहिताना बटण एकदा कमी दाबलं होतं, आणि ती ऱ्हस्व वेलांटी माझ्या फोनने पुढच्या ‘व’वर टाकली होती. मी हसून त्यांना फोन लावला. म्हटलं, “बाबा, माझ्याकडे ‘कवी’ आलाय. मी कवी नाही, भाषांतर करते.”

“तेच ते,” ते म्हणाले. “झोप.”