नाश्ता उतरल्यावर

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला राहायला लागल्यापासून डोंगर म्हटला की मला आधी थंडी आठवते. ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरनं ठेंगणं. तरी एप्रिलमध्येही त्याच्या माथ्यावर बर्फ असतो. कड्याबाहेर झुकलेल्या त्या बर्फावर पाय पडला तर माणूस थेट दरीत. केर्न गॉर्मच्या माथ्यावर तर २० मार्च १९८६ रोजी वाऱ्याचा झोत ताशी १७३ मैलांवर गेला होता. तिकडे वसंतात डोंगरावर निघालेला माणूस सॅकमध्ये जादा स्वेटर आणि हातमोजे कोंबतो, आणि उजाडून जरा ऊब आली की चालू लागतो.

चैत्रात खारघरला ताईकडे उतरलो आणि भाच्याला विचारलं, ‘‘कलावंतीणच्या सुळक्यावर जायचं तर केव्हा निघायचं?’’

‘‘चारला, मामा. पहाटे. नाश्ता उतरल्यावर.’’

नवी मुंबईचं मला पहिलं नवल वाटलं ते डोंगराच्या जवळिकीचं. अ‍ॅबर्डीनहून मोठा डोंगर गाठायचा तर गाडीनं बराच वेळ जातो. इथे सेक्टर संपतो तिथेच चढ सुरू. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला टेकड्यांची रांग, मध्ये सिडकोनं वसवलेलं शहर. खारघरच्या डोंगरावर चाफेवाडी, फणसवाडी हे आदिवासी पाडे आहेत आणि खाली वीस-वीस मजले. पांडवकडा धबधबा बघायला गेलो तर समोर नुसती काळी भिंत, पाण्याचा टिपूस नाही. पावसाळ्यात इथे प्रवेशबंदी असते, पोलीस उभे राहतात. आता अडवायला कोणी नव्हतं. जणू पाऊस संपला की डोंगरातला धोकाही संपतो!

पनवेलच्या पलीकडे ठाकूरवाडीहून आम्ही अंधारात वाट धरली. पुढेमागे विजेऱ्यांच्या रांगा, कॉलेजची पोरं, कोणाच्या तरी मोबाइलवर गाणी. वाटेतल्या प्रबळमाचीला पोचेपर्यंत फटफटलं. पांगारा फुलून गेला होता, करवंदीच्या जाळ्यांत हिरवी फळं धरली होती. मग त्या कातळात खोदलेल्या पायऱ्या. बाजूला कठडा नाही, आहे ती दरी. सुमारे ६८५ मीटर उंचीच्या या सुळक्यावर शिमग्याला माचीवरची ठाकर मंडळी चढून नाचतात म्हणे. मी तर चारही पाय टेकून चढलो.

उतरताना नऊच वाजले होते, पण पहाटे गार लागलेल्या त्याच पायरीवर हात टेकला तर चटका बसला. हे ऊन नुसतं वरून येत नाही, कातळातूनही येतं. आणि किनाऱ्याजवळच्या दमट हवेत घाम गळतो पण वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढला, तरी हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. मैदानी भागात त्यासाठी ४० अंश लागतात. सकाळी देशावरून तापलेला वारा येतो, दुपारी समुद्राचा खारा वारा आत शिरला की तो हटतो. खारा वारा उशिरा आला, की त्या दिवशी पारा चढतच राहतो. मुंबईत सांताक्रूझला ४२.२ अंशांचा विक्रम झाला तो १४ एप्रिल १९५२ रोजी, मे महिन्यात नव्हे.

आणि १६ एप्रिल २०२३ ला याच खारघरच्या मैदानावर, महाराष्ट्र भूषण सोहळ्याला जमलेल्यांपैकी १४ जण उष्माघातानं गेले. पारा ३८ च्या आसपास होता. ती माणसं उघड्या मैदानात बसलेली होती. चढणाऱ्याचे तर स्नायूच भट्टी होतात, त्यावर हे ऊन.

भाच्यानं निघतानाच माझा डिओ काढून ठेवायला लावला होता. कारण कड्यावर दिसलं: आग्या मोहोळ, परातीएवढं. अत्तर, धूर, आरडाओरडा, कशानंही ते उठतं. एक डंख बसला की त्याच्या गंधानं बाकीच्या माश्या येतात. म्हणून झटकत उभं न राहता डोकं-तोंड कपड्यात गुंडाळून तिथून दूर पळायचं. उतारावरचं गवत वाळून लोळलेलं, त्याखाली सुटा मुरूम. बर्फावर बुटाला काटे लावता येतात. या घसाऱ्यावर काय लावणार? समोरचा एक डोंगर वणव्यानं काळा झाला होता. आग चढावर भराभर धावते, तेव्हा पेटलेल्या उताराच्या वरच्या अंगाला कधीच थांबू नये. वैशाख लागला की दुपारी वळवाचे ढग दाटतात. मग माथ्यावर उभा माणूस विजेच्या वाटेत सापडतो.

माचीवर एक म्हातारी लिंबूसरबत विकत होती. दहा वाजता वर निघालेल्या घोळक्याला ती म्हणाली, ‘‘आता नका जाऊ रे बाबांनो, कातळ तापला.’’ पोरांनी सरबत घेतलं, सल्ला घेतला नाही.

स्कॉटलंडात हिवाळ्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हिमस्खलनाचा अंदाज रोज निघतो आणि लोक तो वाचून बेत बदलतात, कारण बर्फाची भीती सगळ्यांना आहे. इथलं ऊन लहानपणापासून ओळखीचं. जे ओळखीचं, त्याला कोण भितो? म्हातारीला सगळं माहीत आहे, पण तिचं ज्ञान माचीच्या खाली उतरलेलं नाही. ते खाली ठाकूरवाडीत, मार्च ते मेसाठी, पाटीवर लिहावं: सातच्या आत माथा, नऊच्या आत माची, माणशी तीन लिटर पाणी, अत्तर नको, दुपारी ढग दिसले की माथा सोडा. पावसाळ्यासाठी पोलीस उभे करणाऱ्या शहराला उन्हाळ्यासाठी एवढी पाटी जड जाऊ नये.