हातचा

१. जिल्हा परिषदेची शाळा, दुसरीचा वर्ग. ४३ वजा १८. फळ्यावर तीन मुलांची तीन उत्तरे: २५, ३५, २५. बाईंनी एकही पुसले नाही.

२. ३५वाली म्हणाली, “तीनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून तीन घालवले.” नियम चुकीचा, पण तिने स्वतः विचार करून काढलेला.

३. बाईंनी तिला काड्या दिल्या. दहा-दहाचे चार गठ्ठे, तीन सुट्या. आठ सुट्या काढायला गेली, पुरेनात. बराच वेळ नुसती बघत बसली. मग एका गठ्ठ्याचा रबर सोडला.

४. एवढा वेळ बाई गप्प होत्या. मला तेवढे थांबता आले नसते.

५. एका मुलाने हातचा घेतलाच नाही. अठरावर दोन, वीस. वीसवर वीस, चाळीस. वर तीन. घरी भाजीचा गाडा आहे. गिऱ्हाइकाला सुटे पैसे असेच परत देतात.

६. मानसशास्त्रज्ञ पियाजेचा प्रयोग. दोन ओळी, दोन्हींत वस्तू तितक्याच. एक ओळ पसरली की चार-पाच वर्षांचे मूल म्हणते, हिच्यात जास्त आहेत. वस्तू ना वाढल्या, ना कमी झाल्या, हे त्याला अजून दिसत नाही. सांगून दिसतही नाही.

७. २०१९. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले आणि राज्यभर वाद झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी या नव्या वाचनाची बाजू मांडली. मुलांची अडचण खरी आहे. ‘एकोणतीस’मध्ये ऐकू येतो तीस, लिहायचा असतो दोन.

८. गणितमाळ. शंभर मणी, दर दहाला रंग बदलतो. एकोणतीसला चिमटा लावायचा होता. मुलगा तिसाव्या मण्याशी गेला आणि एक मणी मागे आला.

९. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या ज्ञानरचनावादी शाळा बघायला ठिकठिकाणचे शिक्षक गेले. तिथली रंगवलेली फरशी आपल्या वर्गात लगेच उतरवता येते. मुलाचे चुकलेले उत्तर पूर्ण ऐकून घ्यायची सवय लागायला वर्ष जाते.

१०. पाढे पाठ हवेतच. पण सातचा पाढा कॅलेंडरवर एकाच वाराच्या ओळीत सापडतो: ७, १४, २१, २८. पस्तीससाठी मुलांनी फेब्रुवारीला मार्च जोडून मागितला.

११. मधल्या सुट्टीत ३५वाली फळ्याशी आली. आपले उत्तर तिनेच पुसले. बस्करपट्टीवर दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या तशाच होत्या.