मथळ्यातले ‘आपण’

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद शिकवण्यास आम्हां मराठीच्या अध्यापकांना १९८२च्या फॉकलंड युद्धातले मथळे व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा उपयोगी वाटतात. अर्जेंटिनाच्या ‘हेन्ते’ साप्ताहिकाने मेच्या आरंभी मुखपृष्ठावर जाहीर केले : ‘आपण जिंकत आहोत!’ स्पॅनिशमध्ये हा भेद नाही. पण मराठीत येथे ‘आपण’च हवे, कारण वाचकालाही विजयाच्या पंक्तीस बसवायचे होते. महिनाअखेरीस मथळा आला : ‘आपण जिंकतच आहोत!’ त्या ‘च’ला आम्ही पैकीच्या पैकी गुण देऊ. १४ जूनला अर्जेंटिनाचे सैन्य शरण गेले.

ब्रिटनच्या ‘द सन’ने सर्वनामाचाही खर्च वाचवला. २ मे रोजी ‘जनरल बेल्ग्रानो’ ही अर्जेंटिनाची क्रूझर बुडवली गेली आणि ४ मेच्या पहिल्या आवृत्तीत एकच शब्द झळकला : ‘गॉट्चा’, लपंडावात पोरांनी ‘सापडलास!’ म्हणून ओरडावे तसा. पुढच्या आवृत्त्यांत तो मागे घेतला गेला. त्या नौकेवरची ३२३ माणसे मेली होती.

येथे आमचे हसू थांबते. लंडनच्या मथळ्यात त्यांना ‘ते’ म्हणण्याइतकीही जागा नव्हती. आणि ब्वेनोस आयरेसमध्ये तर ‘आपण’ जिंकतच होतो; मग मेले ते कोण?