नागमोडी रेघ

मे महिन्यात महाराष्ट्रातील एखाद्या निरीक्षण विहिरीच्या काठावर सरकारी कर्मचारी उभा राहतो, फीत आत सोडतो, आणि पाणी किती मीटर खोल गेले ते वहीत टिपून घेतो. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ साली, दुष्काळाच्या छायेत, स्थापन झाली. तेव्हापासून अशा नोंदींचा संचय वाढतच आला आहे. त्या एका आकड्यात सरलेल्या पावसाळ्याचे, उसाचे आणि शेजारच्या कूपनलिकेचे चरित्र साठलेले असते; परंतु आकडा स्वतः अबोल.

पुढे तो संगणकात जातो. भौगोलिक माहिती प्रणाली त्याला अक्षांश-रेखांशांची जागा देते. खडक, माती, उतार, पाऊस यांचे नकाशे पारदर्शक कागदांप्रमाणे एकावर एक ठेवते. विहिरी मोजक्या आणि शिवार अफाट. तेव्हा दोन विहिरींमधील भूमी अनुमानानेच भरून काढावी लागते. या अनुमानाची एक प्रतिष्ठित रीत क्रिगिंग या नावाने ओळखली जाते. दक्षिण आफ्रिकेतील खाण-अभियंता डॅनी क्रिग यांनी सोन्याच्या साठ्याचा अंदाज घेण्यासाठी जे काम १९५१ मध्ये मांडले, त्यातून ती निघाली. सोन्यासाठी जन्मलेली रीत पाण्याच्या कामी यावी, यात मराठवाड्यातील शेतकऱ्याला काही विसंगती वाटणार नाही.

हस्तलिखितातील गळालेली अक्षरे भरून काढणाऱ्या संपादकाला हा उद्योग परका नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा जेथे पाठाची खात्री कमी तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढली. सुकथनकरांच्या संपादनातील ही रेघ म्हणजे विद्वत्तेची सर्वांत सुंदर कबुली होय. क्रिगिंगही मुळात तितकेच प्रामाणिक आहे: प्रत्येक ठिकाणच्या अंदाजासोबत तो किती चुकू शकेल याचे मापही ते देते, आणि त्या मापाचा स्वतंत्र नकाशा काढता येतो. मात्र हा दुसरा नकाशा बहुधा तज्ज्ञांच्या मेजावरच राहतो; गावापर्यंत पोचतो तो पहिला, सलग निळा-तांबडा, रेघेवाचून.

दख्खनच्या पठारावर ही उणीव महागात पडते. महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग बेसाल्टचा. काळ्या पाषाणात पाणी सर्वत्र झिरपत नाही; ते भेगांत, मुरमात, दोन लाव्हाथरांच्या सांध्यात राहते. शंभर पावलांवरच्या दोन विहिरींपैकी एक मे महिन्यातही भरलेली आणि दुसरी माघातच कोरडी, हे येथे नवल नव्हे. शेजार म्हणजे साम्य, हे गणिताचे गृहीत. खडकाला ते मान्य नाही. कर्ज काढून बोअर घेणारा माणूस मात्र नकाशातील निळ्यावर विसंबतो. पाणाड्याचा नारळ चुकला तर निदान पाणाड्याला बोल लावता येतो. नकाशाला कोणी काय म्हणावे?

व्यवस्थापनातही हेच घडते. उपलब्ध भूजलाच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असलेले क्षेत्र सुरक्षित. त्यापुढे अंशतः शोषित, ९० नंतर शोषित, १०० नंतर अतिशोषित. एकोणसत्तर आणि एकाहत्तर यांच्यामधील फरक अंदाजाच्या चुकीहून लहान असू शकतो, तरी रंग बदलतो, आणि रंगाबरोबर नियमही.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील दकार्गल अध्याय या संदर्भात वाचण्याजोगा आहे. त्यातील वृक्षांची आणि वारुळांची लक्षणे आजचा भूशास्त्रज्ञ जशीच्या तशी स्वीकारणार नाही. पण तो अध्याय केवळ पाण्याची खोली सांगून थांबत नाही. खणताना अर्ध्या पुरुषावर बेडूक, मग अमुक रंगाची माती, मग अमुक दगड, असे वाटेतले टप्पेही सांगतो. ते लागले नाहीत, तर खणणाऱ्याला हात थांबवता येतो. जुन्या भूशास्त्रीय नकाशांतही खात्रीची सीमा अखंड रेषेने आणि अनुमानाची तुटक रेषेने दाखवीत. संगणकाच्या पडद्यावर तुटक रेषा काढणे मुळीच अवघड नाही. ती कोणी मागत नाही, एवढेच.