चौकटीबाहेर राहिलेली नोंद

घराण्याची परिचय-पुस्तिका किंवा एखादी स्मरणिका छापावयाची, तर पूर्वी हस्तलिखित छापखान्यात देऊन स्वस्थ राहता येत असे. आता हे काम घरच्या संगणकावर होऊ लागले आहे. त्यात पैसा वाचतो आणि हौसही भागते. परंतु जी जबाबदारी पूर्वी छापखान्यातील जुळाऱ्याची होती, ती त्याबरोबर घरी आली आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळापासून मराठी मजकूर शिशाचे खिळे जुळवून पानात बसविला जाई. पानात न मावलेल्या ओळी गॅलीत जुळाऱ्याच्या डोळ्यांसमोर पडून राहत. त्यांची व्यवस्था लावल्यावाचून त्याला पुढे जाता येत नसे. संगणकावरील मजकुराच्या चौकटीचा स्वभाव निराळा आहे. चौकट भरली की उरलेला मजकूर पुसला जात नाही, पण दिसतही नाही. आणि छापले जाते ते केवळ दिसणारे.

तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्यात पिढीजात किराणा दुकान चालविणाऱ्या एका सत्तरीच्या गृहस्थांना याचा प्रत्यय आला. वडिलांच्या वहीतील नोंदींवरून घराण्याची पुस्तिका करावी, असे त्यांनी मनावर घेतले. पुण्याच्या नातवाने स्क्रायबस हे विनामूल्य सॉफ्टवेअर बसवून दिले आणि तो परतला. पुढचा सारा प्रवास आजोबांचा एकट्याचा.

पहिली अडचण जुन्या मजकुराची. काही पाने पूर्वी श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेली होती. ती चौकटीत आणताच मराठीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसू लागला. जुन्या फाँटमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत; युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. अशा मजकुराचे रूपांतर करावे लागते. पाने थोडीच असल्याने आजोबांनी ती पुन्हा टंकलिखित केली.

दुसरी अडचण छायाचित्राची. दुकानाचे जुने छायाचित्र पानावर ठेवताच शेजारचा मजकूर भलतीकडे सरकला. छायाचित्राच्या चौकटीला ‘मजकूर भोवतीने वाहू दे’ अशी आज्ञा दिलेली असेल, तर मजकूर तिच्यापासून दूर सरतो. ती आज्ञा काढताच ओळी जागेवर आल्या.

तिसरी अडचण मात्र अडचण म्हणून दिसलीच नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास मान्यता दिली. पुस्तिका पुढील पिढ्यांसाठी, म्हणून आजोबांनी प्रत्येक पत्त्यात ‘ता. वेल्हे’ ऐवजी ‘ता. राजगड (पूर्वीचा वेल्हे)’ असा बदल एका दमात करून टाकला. एका ओळीचे पत्ते दोन ओळींचे झाले, मजकूर खाली सरकला. पाने मात्र पूर्वीसारखीच भरलेली, नीटनेटकी दिसत होती.

रोजमेळ जुळल्याखेरीज दुकान बंद करावयाचे नाही, ही घरची जुनी शिस्त. पुण्याला छापावयास देण्यापूर्वी आजोबांनी नोंदी मोजल्या. वहीत चौसष्ट, कागदावर त्रेसष्ट.

राहिलेली नोंद थोरल्या आत्याची होती. त्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आल्या. भाऊ आजारी असताना पाच वर्षे दुकानाच्या वह्या त्यांनीच लिहिल्या. मूलबाळ नसल्याने वडिलांच्या वहीत त्यांचे नाव सर्वांच्या शेवटी होते. म्हणून चौकट भरताच बाहेर पडले ते त्यांचेच. चौकटीला माणसांची पारख नसते. ती शेवटच्याला बाहेर ठेवते. आणि शेवटी कोण, हे घराने कधीच ठरवून टाकलेले असते.

नातवाने फोनवर विचारले, “आजोबा, चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लाल खूण दिसते का?”

“दिसते. मला वाटले, ती तेथे असतेच.”

ती खूण म्हणजे मजकूर उरल्याची सूचना. स्क्रायबसमध्ये लाल चौकोनात फुली असते, इनडिझाइनमध्ये लाल अधिक-चिन्ह, जुन्या पेजमेकरमध्ये लाल त्रिकोण. खूण दिसली की उपाय तीन: चौकट वाढवावी, अक्षर किंवा ओळींमधील अंतर कमी करावे, अथवा पुढच्या पानावर नवी चौकट काढून पहिलीशी जोडावी, म्हणजे उरलेला मजकूर तीत वाहत जातो. शेवटी छापखान्याला फाँट समाविष्ट केलेली पीडीएफ द्यावी, म्हणजे तेथील संगणकावर तो फाँट नसला तरी अक्षरे बदलत नाहीत. तत्पूर्वी मूळ वहीशी नोंदींची मोजणी करावी. शुद्धलेखन तपासणारा छापलेले वाचतो; न छापलेले मोजणीतच सापडते.

नातवाने अक्षर बारीक करण्याचे सुचविले. आजोबांनी ते मानले नाही; पुस्तिका वाचणारे बहुतेक चष्मेवाले. त्यांनी पुढच्या पानावर नवी चौकट जोडली. आत्यांची नोंद त्या पानाच्या माथ्यावर आली. खाली बरीच जागा मोकळी राहिली. तेथे आजोबांनी त्या पाच वर्षांतील वहीच्या एका पानाचे छायाचित्र लावले: आत्यांच्या हस्ताक्षरातील जमाखर्च आणि तळाशी जुळलेली शिल्लक.