दिल्ली की जयपूर?

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं, हा विषय निघाला की घरात दोन तट पडतात. यंदा आमच्याकडे दोन राजधान्यांची चुरस होती : देशाची दिल्ली आणि राजस्थानचं जयपूर. ह्यांना दिल्ली हवी होती. लाल किल्ला, कुतुबमिनार, सारं शाळेच्या पुस्तकात वाचलेलं! चिरंजीव मेट्रोच्या लोभानं वडिलांच्या बाजूला. कन्येला जयपूरच्या लाखेच्या बांगड्या खुणावत होत्या. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "तुम्ही जा हो. मी घर सांभाळीन."

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही घरी ऐकू येत असेल. ते ऐकून सगळ्यांना हायसं वाटतं, हीच त्यातली गोम. घराची काळजी नको, झाडांच्या पाण्याची नको. सासूबाई ७४ वर्षांच्या. एडवणहून सफाळे, फार तर विरार, एवढाच त्यांचा प्रवास. आशापुरीच्या देवळात जाऊन आल्या तरी गुडघे धरून बसतात. पण आमच्या स्वयंपाकघरात एक जुनं कॅलेंडर आहे. त्याच्या तारखा केव्हाच संपल्या, तरी चित्रासाठी त्यांनी ते काढू दिलेलं नाही. चित्र हवामहालाचं. भाकऱ्या थापता थापता त्या एकदा म्हणाल्या होत्या, "एवढ्या खिडक्या, नि एकीतही बाई दिसत नाही. आत बसून काय बघत असतील गं त्या?"

ते आठवलं आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

दिल्ली मोठी, तिथली ठिकाणंही लांब लांब. लाल किल्ला एका टोकाला, तर कुतुबमिनार दुसऱ्या. मेट्रोची सोय छान आहे, पण स्टेशनापासून पुढे चालावं लागतंच. सोमवारी लाल किल्ला बंद. राष्ट्रपती भवनाची बाग एरवी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास उघडते, म्हणजे दिवाळीत ती बघायला मिळायची नाही. शिवाय दिवाळीच्या सुमारास तिथली हवा धुरानं इतकी कोंदते, की दम्याच्या माणसानं जाऊच नये. दिल्ली बघावी ती फेब्रुवारीत.

जयपूर सवाई जयसिंगांनी १७२७ साली आखून वसवलं. सिटी पॅलेस आणि जंतरमंतर अगदी शेजारी, हवामहाल तिथून जवळच. जंतरमंतर दिल्लीतही आहे, तेही ह्याच राजानं बांधलेलं. पण जयपूरचं मोठं. तिथल्या सम्राट यंत्राच्या सावलीवरून वेळ कळते. आमेरचा किल्ला उंचावर आहे खरा, पण जीप वर नेते. आणि हवामहाल? १७९९ सालचा, ९५३ खिडक्यांचा. राजघराण्यातल्या पडद्यातल्या बायकांना रस्त्यावरची मिरवणूक दिसावी, पण त्या कुणाला दिसू नयेत, म्हणून ह्या खिडक्या. वर जायला बहुतेक ठिकाणी पायऱ्या नाहीत, उतरण आहे. हे वाचलं आणि माझा निर्णय झाला.

रात्री जेवताना मी कागद वाचून दाखवला. हे म्हणाले, "आईला झेपेल का?" मी म्हटलं, "त्यांनाच विचारा ना." आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सासूबाई भाताचा घास तसाच हातात धरून म्हणाल्या, "उतरण असेल तर चढेन मी."

चिरंजीवांची समजूत फेब्रुवारीतल्या एखाद्या जोडून सुट्टीवर घातली आहे. आम्हांला पुढची सुट्टी आहे. ७४ वर्षांच्या माणसाच्या बाबतीत तो हिशोब धरवत नाही.

वडीलधाऱ्यांना नेणार असाल, तर थोडं सांगते. तिकीट काढताना वय नीट लिहा. ४५ वर्षांवरच्या स्त्रियांना शिल्लक असेल तर खालचा बर्थ मिळतो. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, तेव्हाच काढा. बोरिवलीला संध्याकाळी गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूर. तोवर दशम्या आणि सुकी चटणी पुरते. दिवसाला दोनच ठिकाणं ठेवा, दुपारी खोलीवर आडवं व्हा. नोव्हेंबरात पहाटे गारठा असतो, शाल हाताशी हवी.

आणि घर सांभाळायचं म्हणाल, तर शेजारणीकडे किल्ली द्यावी. ते काम कुलूपही करतं.