चिक्की म्हणा की कडलै मिठाई

चिक्कीचे नाव काढले की तुमच्या तोंडाला पाणी सुटते. माझी मात्र मान खाली जाते.

काही वर्षांपूर्वी अलिबाग तालुक्यातल्या एका गावी मी बचत गटाच्या भगिनींना चिक्की शिकवायला गेलो. तासभर गुळाच्या पाकावरच बोललो. पाण्यात टाकलेला थेंब कटकन मोडला पाहिजे, हे दाखवले. दाण्याविषयी चकार शब्द काढला नाही. पाक उत्तम जमला, पण दाणे ओलसर, कुबट निघाले. सारी चिक्की खवट. गटाचे पैसे बुडाले. चूक माझी होती.

पुढे इतर भाषांतली नावे कळली. तमिळ लोक हिला ‘कडलै मिठाई’ म्हणतात, म्हणजे शेंगदाण्याची मिठाई. कोविलपट्टीच्या या मिठाईला २०२० साली भौगोलिक मानांकन मिळाले. मल्याळीत ‘कप्पलंडी मिठाई’. तिथेही दाणा आधी. बंगालीत ‘बादाम चाक्ती’. तिकडे शेंगदाण्यालाही बादामच म्हणतात. आपल्या ‘चिक्की’त मात्र कानाला चिकटपणा तेवढा ऐकू येतो. दाणा नावातून सुटला, तसाच माझ्या बोलण्यातूनही!

म्हणून आज आधी दाण्याचे सांगतो. शेंगा खडखडीत वाळवा. हलवली की आत दाणा वाजला पाहिजे. बुरशीचा, काळपट, सुरकुतलेला दाणा वेचून टाका. बुरशीचे विष भाजूनही पुरते जात नाही. तो दाणा गुरांनाही घालू नका.

एवढे झाले, की मग खुशाल पाक चुलीवर ठेवा.